गर्जनमहालाची उंची

गर्जनमहाल नेमका किती उंच, या प्रश्नापायी पुण्यात दोन साडू एकमेकांशी बोलेनासे झाले होते, एक ठरलेलं लग्न मोडता मोडता वाचलं होतं आणि मुरदंडे काकांना रक्तदाबाची गोळी अर्धीची अख्खी करावी लागली होती. आता गंमत बघा, हा महाल होता कुठे? कुठेच नव्हता! ‘अथांग’ नावाच्या खेळात होता. डोळ्यांवर चष्मा चढवला की दिसायचा, उतरवला की गायब. पण भांडायला वस्तू खरी असावी लागते, असं पुणेकरांना कुणी सांगितलंय?

ही दोन हजार सत्तेचाळीस सालची गोष्ट. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी ‘अथांग’ होता. त्या खेळात मारामारी नव्हती, शर्यत नव्हती, काही नव्हतं. नुसतं हिंडायचं आणि आ वासून बघायचं. त्यातही गर्जनमहाल म्हणजे कहर. काळ्या खांबांच्या रांगाच रांगा. त्यांच्यावर आडव्या तुळया, त्याही काळ्याकुट्ट. त्या तुळयांच्या वर एक पांढरी नदी, आकाशातून संथ वाहणारी, एक थेंब म्हणून खाली न सांडणारी. दर चाळीसेक सेकंदांनी असा गडगडाट व्हायचा की छातीत धस्स व्हावं. तुळयांना सोनेरी काचेचे घुमट लटकलेले. ते हळूहळू फुगत जायचे, आणि मधूनच एखादा सुटून खाली यायचा. शिवाय प्रत्येक खांबावर तीन पिवळे पट्टे, शेजारी शेजारी, किलोमीटरच्या वर लांबीचे. त्यातला मधला नेहमी थोडा खाली घसरलेला. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. राजघराण्यात तीन भाऊ होते, मधल्याचा घात झाला, अशी एक कथा लोकांनी रचली होती. लोकांना काय, वेळ होता.

कंपनीने या कशाचीच मापं दिली नव्हती. तुम्हीच अंदाज बांधा म्हणे! मग काय, जगभर मोजणाऱ्यांच्या टोळ्या तयार झाल्या. पुण्याच्या टोळीने आपलं नाव ठेवलं ‘मापाडी’. धान्यबाजारात पोती मोजून देतो तो मापाडी, तसे हे हवेतले महाल मोजून देणारे. दर रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या एका खानावळीत त्यांची बैठक बसायची आणि मालक ‘आता उठा’ म्हणेपर्यंत चालायची.

टोळीची म्होरकी होती केतकी. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. बाई हुशार, पण हट्टी म्हणजे एक नंबरची. मोजायला घेतलेली गोष्ट मोजून झाल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. तिच्यासमोर कायम दंड थोपटून उभे असायचे मुरदंडे काका, विमा कंपनीतून निवृत्त झालेले.

“मॅडम, खेळात तो वाटाड्या आहे की नाही?” काका मिसळीचा घास थांबवून म्हणायचे. “कंदील घेऊन चालतो तो? माणूस आहे ना? म्हणजे साडेपाच फूट धरा. त्याच्या मानाने खांब किती पट, बघा. चौदा किलोमीटर! विषय संपला.”

“काका, वाटाड्या साडेपाच फुटांचा हे कुणी सांगितलं? त्याचा जन्मदाखला आहे तुमच्याकडे?”

“मग तुमचा काय पुरावा?”

“घुमट सुटल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत पंचेचाळीस सेकंद जातात. मी शंभरदा मोजलंय. पृथ्वीवर एखादी वस्तू पडायला पंचेचाळीस सेकंद घेते तेव्हा ती दहा किलोमीटर वरून आलेली असते, हवेचा अडथळा सोडला तर. आणि खेळात हवाच नाही. माणसाच्या उंचीचं सोंग आणता येतं, काका, पडण्याच्या वेळेचं नाही.”

यावर दोन तास वाद. दहाचा पक्ष, चौदाचा पक्ष. कुणीही हार मानायचं नाही, हा एवढाच नियम सगळ्यांना मान्य होता.

केतकीच्या नवऱ्याचं नाव हेरंब लातूरकर. लिफ्टच्या कंपनीत तंत्रज्ञ. स्वभावाने शांत, कमी बोलणारा. मापाड्यांच्या बैठकीला तो कधी फिरकला नाही, पण घरी मात्र महालाची चौकशी न चुकता करायचा. सुरुवातीला अंदाज तीन किलोमीटरचा होता. तो सहावर गेला तेव्हा हेरंबने जिलबी आणली. दहावर गेला तेव्हा पुन्हा जिलबी.

“आज काय निमित्त?” केतकीने विचारलं होतं.

“काही नाही, वाटलं खावी,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “काका चौदा म्हणतात ना गं? काकांनी जग बघितलंय. एकदा नीट विचार कर.”

नवऱ्याला आपल्या छंदात रस आहे म्हणून बिचारी सुखावली होती. खरी गोम काय ती पुढे कळली.

झालं असं, की एका शनिवारी सकाळी केतकी थालीपीठ लावत होती. थालीपिठाच्या भोकांत तेल सोडायला तिने किटली तिरकी केली, सोडलं, किटली सरळ केली. चोचीला एक थेंब राहिला. राहिला तो राहिला, वर हळूहळू फुगायला लागला. खाली गोल, वर मान बारीक होत चाललेली, उजेडात सोन्यासारखा पिवळा. मग सुटला आणि ओट्यावर पडला.

केतकी तशीच उभी राहिली. थालीपीठ करपलं, धूर झाला, शेजारच्या काकू “काय गं जळतंय?” म्हणून दारात येऊन गेल्या, तरी हिचं आपलं लक्ष किटलीच्या चोचीकडे. पुन्हा एक थेंब, पुन्हा तसाच. हा आकार तिने वर्षभर रोज बघितला होता.

आता हे जरा समजून घेऊ. द्रवाच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, जणू त्याच्यावर पातळ कातडं ताणून बसवलंय. त्या कातड्याच्या जिवावर थेंब लटकतो. थेंब लहान असेल तर कातडं वजन पेलतं. वाढला की वजन भराभर वाढतं, कातड्याची ताकद तेवढी वाढत नाही, आणि थेंब सुटतो. म्हणून तेलाचा लटकता थेंब चार-पाच मिलिमीटरच्या वर जाऊच शकत नाही. राजाच्या महालात नाही, की चाळीतल्या स्वयंपाकघरात नाही. निसर्गाने दिलेली ती मोजपट्टी आहे, आणि तिच्यात लबाडी करता येत नाही.

गर्जनमहालातले घुमट पन्नास मीटर रुंद निघत होते. ते काचेचे घुमट नव्हतेच, तेलाचे थेंब होते! कुणीतरी एक खरी जागा घेऊन ती दहा हजार पट फुगवली होती. आणि एवढी मोठी वाटावी म्हणून तिच्यातली प्रत्येक हालचाल शंभर पट मंद केली होती. ही युक्ती जुनीच. खेळण्यातली आगगाडी दरीत पाडून तिचं चित्रीकरण मंद गतीने दाखवलं की ती खरी वाटते. आकार दहा हजार पट केला तर वेळ त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे शंभर पट करायचा, हा गणिताचा हिशेब कंपनीने चोख पाळला होता. म्हणून पडण्याच्या वेळेवरून उत्तर काढणारी केतकी फसली, आणि वाटाड्यावर विसंबणारे काका तर फसलेच.

दहा किलोमीटर भागिले दहा हजार. एक मीटर. गर्जनमहाल कमरेएवढा होता!

ती धावत हॉलमध्ये गेली. हेरंब मोजे घालत होता. तिने एका दमात सगळं सांगितलं, हातवारे करून, किटली नाचवून. शेवटी म्हणाली, “उद्या काकांचं तोंड बघण्यासारखं होणार आहे!”

हेरंबचंच तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक मोजा हातात, एक पायात, आणि चेहऱ्यावरचा रंग उडालेला.

“कुणाला सांगू नकोस,” तो म्हणाला.

“का?”

“नको म्हटलं ना. तुझं काहीतरी चुकतंय.”

“चुकत नाहीये, हेरंब. अरे पण तुला काय झालं?”

त्याने हातातला मोजा खाली ठेवला. मग म्हणाला, “ते माझं आहे, केतकी.”

हेरंबला आईवडील नव्हते, हे केतकीला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. चार वर्षांचा असताना तो लातूरला एका ट्रकमध्ये गाठोड्यांच्या ढिगात झोपलेला सापडला होता. देवदर्शनाला निघालेल्या माणसांचा ट्रक. पाच जत्रा, पाच देवळं करून परतलेला. हे पोर कुठल्या गावात आत चढलं हे कुणालाच सांगता येईना. विचारलं तर पोर नुसतं रडायचं. पोलिसांनी चौकशी केली, काही लागलं नाही. त्या दिवशी चतुर्थी होती म्हणून बालगृहात नाव ठेवलं हेरंब, आणि लातूरला सापडला म्हणून लातूरकर.

केतकीला ठाऊक नव्हतं ते पुढचं. दोन वर्षांपूर्वी हेरंबने एका प्रयोगासाठी आपलं डोकं दिलं होतं. मेंदूत काही पेशी अशा असतात की त्या फक्त जागा ओळखतात. ही खोली, हा कोपरा, इथून वळायचं, असं. लहानपणाचे शब्द पुसले जातात, चेहरे जातात, पण या जागांचे नकाशे कुठेतरी तळाशी गाळासारखे उरतात. स्वतःला आठवत नसले तरी उरतात. नवं यंत्र ते नकाशे, आणि त्यांना चिकटलेले आवाज, वाचून पुन्हा उभे करू शकत होतं. फक्त एक उणीव होती. चार वर्षांचं पोर मीटरमध्ये मोजत नाही. ‘माझा हात पुरत नाही’ एवढंच त्याचं माप. त्यामुळे यंत्रातून आकार मिळायचा, आकारमान नाही. प्रयोगवाल्यांनी परवानगी विचारून असे नकाशे खेळाच्या कंपनीला दिले. नाव गुप्त. हेरंबने सही केली, आणि वर्षभराने त्याच्या मनातली जागा जगभर गाजली.

“मला सांगितलं नाहीस?” केतकी म्हणाली. “मी जेवणाच्या टेबलावर रोज तेच मोजत होते! तुझ्यासमोर!”

“सांगितलं असतं तर तू आणखी जोरात मोजलं असतंस.”

“अर्थात! अरे, त्यावरून तुझी माणसं सापडतील कदाचित.”

“नको आहेत मला!” हेरंब पहिल्यांदाच ओरडला. “तुला कळत नाही. बालगृहात प्रत्येक पोराची एक गोष्ट असायची. कुणाचा बाप विमान चालवायचा, कुणाची आई परदेशात. सगळ्या थापा, पण होत्या. माझ्याकडे फक्त एक स्वप्न होतं. मोठे खांब आणि वर पांढरं काहीतरी वाहणारं. मला वाटायचं, माझ्यामागे माणूस नसेल, पण निदान एवढं मोठं काहीतरी आहे. आणि मग जग म्हणायला लागलं, हो, आहे, दहा किलोमीटर आहे, चौदा आहे. आणि तू? तू तेलाच्या किटलीवरून त्याला कमरेएवढं करून टाकलंस.”

तो मोजा तसाच टाकून, एक पाय उघडाच बुटात घालून तो कामावर निघून गेला.

घरात अबोला सुरू झाला. तोही असा की भाजीत मीठ कमी पडलं तर हेरंबने ते भिंतीला सांगायचं आणि केतकीने मिठाची बरणी भिंतीसमोर ठेवायची. तिलाही राग होता. वर्षभर लपवलं याचा राग. पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते जिलबीचं. तो जिलबी आणत होता तेव्हा आपण गणितं सांगत होतो, याची तिला लाज वाटत होती.

रविवारी ती बैठकीला गेली. तिच्याकडे असं उत्तर होतं की दुसऱ्या दिवशी जगातल्या सगळ्या मोजणाऱ्यांनी तिचं नाव घेतलं असतं. काकांनी नेहमीप्रमाणे शड्डू ठोकला. “बोला मॅडम! दहा की चौदा?”

केतकीने चहाचा घोट घेतला. “काका,” ती म्हणाली, “चौदाच बरोबर असेल. मी हरले.”

कुणीतरी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

संध्याकाळी काका पेढ्यांचा पुडा घेऊन घरी हजर! जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. “हेरंबराव, घ्या पेढा. तुमच्या मिसेसनी आज चारचौघांत हार मानली. बाई मोठ्या मनाची, हो! मी तर म्हणतो, मीच चुकलो असतो तर मी मान्य केलं नसतं.” दोन पेढे स्वतःच खाऊन काका गेले.

हेरंब पेढा हातात धरून बसला. बिलातलं गणित चुकीचं आहे म्हणून लग्नाच्या दिवशी हॉलवाल्याशी भांडलेली ही बाई. हिने ठाऊक असलेलं उत्तर गिळलं, आणि चुकीचं उत्तर स्वतःच्या तोंडाने दिलं. कुणासाठी, ते उघड होतं.

“केतकी,” तो म्हणाला. भिंतीला नाही, तिला. “दोन्ही चष्मे आण.”

दोघं सोफ्यावर शेजारी बसून गर्जनमहालात शिरली. नदी वाहत होती, गडगडाट होत होता. हेरंब खेळात तिला एका खांबाशी घेऊन गेला.

“मी इथे आलो की नेहमी वरच बघतो,” तो म्हणाला. “काल वर बघवेना, म्हणून समोर बघितलं. हे पट्टे. बाकी सगळं आपोआप घडल्यासारखं दिसतं, हे मात्र तसं नाही. हे कुणीतरी काढलेत. कोणी काढले असतील? तुझ्या हिशेबाने केवढे आहेत हे?”

“नक्की सांगू?”

“सांग.”

“घुमट पाच मिलिमीटरचा धरला तर पट्ट्याची रुंदी त्याच्या तिप्पट. म्हणजे दीड सेंटिमीटर.”

हेरंबने चष्मा काढला. स्वतःच्या हाताकडे बघितलं. दीड सेंटिमीटर म्हणजे बोट. तो उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. वाटीत हळद घेतली, पाणी घातलं. दर खंडेनवमीला कंपनीत लिफ्टच्या मोटारींची पूजा तोच करायचा, यंत्रावर हळदीची बोटं ओढायची त्याला सवय होती. त्याने तीन बोटं बुडवली आणि फ्रिजच्या पांढऱ्या दारावर वरून खाली ओढली.

“फ्रिज!” केतकी किंचाळली. मग तिचं लक्ष पट्ट्यांकडे गेलं.

तीन पिवळे पट्टे. हुबेहूब. एकच फरक. हेरंबच्या पट्ट्यांत मधला सर्वांत वर सुरू झाला होता, कारण मधलं बोट सर्वांत लांब. कुणाच्याही हाताने काढले तरी तसंच होणार. महालात मात्र मधला सर्वांत खाली होता, एका खांबावर नाही, सगळ्या खांबांवर.

“त्या हाताचं मधलं बोट तुटलेलं आहे,” हेरंब म्हणाला. “केतकी, तो हात आहे. माणसाचा हात आहे तो. एवढाच, माझ्याएवढाच.”

तो फ्रिजसमोर खाली बसला आणि रडला. केतकी त्याच्याजवळ बसली. तिलाही रडू आलं, आणि ते तिने दाबलं नाही. चौदा किलोमीटर उंच महालात कुणाचा हात सापडणं शक्य नव्हतं. कमरेएवढ्या जागेत सापडला.

“मोज,” तो डोळे पुसत म्हणाला. “सगळं मोज आता.”

पट्टे कळले, थेंब कळले. राहिला गडगडाट. केतकीने त्याचं रेकॉर्डिंग घेतलं आणि शंभर पट वेगाने वाजवलं. चाळीस सेकंदांचं अंतर अर्ध्या सेकंदाच्याही आत आलं. गर्जना कुठच्या कुठे गेली. उरली एक लाकडी, कोरडी, न थकणारी खटपट. खटक् खटक् खटक् खटक्. दोघांनाही कळेना हे काय आहे. सोमवारी केतकीने काकांना बोलावून घेतलं, सगळं सांगितलं, हात जोडून हारही परत मागितली, आणि आवाज वाजवला.

मुरदंडे काका उभे होते ते खाली बसले. चेहरा पांढराफटक.

“काका, पाणी देऊ?”

“अहो कसलं पाणी! हा माग आहे. साधा यंत्रमाग! धोटा इकडून तिकडे जातोय, ऐका की. मी इचलकरंजीचा. विणकर मुरदंडे आहे मी! बापाचा डबा घेऊन रोज दुपारी मागाखाली बसायचो, वरून तेलाचे थेंब टाळक्यावर पडायचे. ती नदी म्हणजे कापड, मॅडम, विणून होत असलेलं मांजरपाट!” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “ज्याच्या खाली वाढलो त्याला वर्षभर चौदा किलोमीटर, चौदा किलोमीटर म्हणून बोंबलतोय! मला कुणीतरी धरून हाणा.”

कुणी हाणलं नाही. केतकीने त्यांना चहा दिला. हेरंबने विचारलं, “काका, त्या पाच जत्रांत जोतिबा होता. इचलकरंजीहून जोतिबाला माणसं जातात?”

“जातात म्हणजे? चैत्रात निम्मं गाव डोंगरावर असतं.”

काकांनी चुलतभावाला फोन लावला. चुलतभाऊ म्हणाला, बोटं गेलेली माणसं इथं गल्लोगल्ली आहेत, त्यावरून काय शोधणार? पण पोर हरवलेली बाई म्हणता, तर ती एकच. कमळव्वा. मागाच्या कांड्यांवर सूत भरायला होती आमच्याच बोळात. नवरा मागावर, हिचं पोर मागाखाली. पोर जोतिबाला हरवलं. तेव्हापासून दर चैत्रात डोंगरावर जाते, ज्या पायरीवर हात सुटला तिथं दिवसभर बसते आणि परत येते. नवरा वारला, तरी जाते.

तिघं इचलकरंजीला निघाली. सांगली मागे पडल्यावर हेरंब म्हणाला, “ती नसली तर?” केतकी म्हणाली, “नसली तर परत येऊ, आणि दुसरीकडे शोधू.” त्याने मान हलवली.

कमळव्वाचं घर एका बोळाच्या टोकाला. माणसं आलेली बघून ती पदराला हात पुसत बाहेर आली. साठी ओलांडलेली, काटक, कपाळावर विभूती. केतकीची नजर आधी तिच्या उजव्या हाताकडे गेली. मधलं बोट दुसऱ्या पेरातून नव्हतं.

काकांनी काहीतरी प्रस्तावना सुरू केली. कमळव्वाने ती ऐकलीच नाही. ती हेरंबकडे बघत होती. बघता बघता पुढे आली, त्याची हनुवटी धरून मान वळवली, कानामागे बघितलं, आणि तिथल्या जन्मखुणेवर अंगठा ठेवला.

“सिदू,” ती म्हणाली. “लई उशीर केलास रं.”

आता यानंतर रक्ताची तपासणी कशाला हवी होती? पण केतकीच ती. मोजल्याशिवाय तिला राहवत नाही. गावातल्या तपासणीकेंद्रात दोन थेंब दिले, तासाभरात उत्तर आलं. आई आणि मुलगा. कमळव्वाने तो कागद हातातही घेतला नाही. “हे मला सांगाय मशीन लागतंय व्हय?” ती म्हणाली, आणि सुनेच्या ताटात तिसरी भाकरी वाढली.

दुपारी हेरंब म्हणाला, “आई, ती जागा आहे अजून?”

जुने माग आता भंगारात गेले होते. पण काकांच्या चुलतभावाने वडिलांची आठवण म्हणून शेडच्या कोपऱ्यात दोन ठेवले होते, आणि त्यातला एक चालायचा. हेरंब त्याच्यासमोर उभा राहिला. काळा, ओतीव लोखंडाचा, तेलकट. खांब म्हणजे त्याचे पाय. कमरेएवढेच, केतकीचं उत्तर अगदी बरोबर होतं. पायांवर हळदीचे पुसट डाग होते, कधीचे कोण जाणे. केतकीला वाटलं, आता याचा चेहरा पडणार. ज्याच्या जिवावर हा जगला तो महाल हाच, एवढासाच, एका कोपऱ्यात.

हेरंबने चपला काढल्या. गुडघे टेकले. आणि चांगला शर्ट, चाळिशीचं पोट, कशाचीही पर्वा न करता तो मागाखाली सरपटत शिरला आणि उताणा झोपला.

“अगो बया!” कमळव्वा म्हणाली.

चुलतभावाने खटका दाबला. मोटारीचा पट्टा फिरला, धोटा सुटला. खटक् खटक् खटक् खटक्. जमीन थरथरायला लागली. हेरंबच्या नाकापासून हातभर वर पांढरं कापड सरकायला लागलं.

“केतकी!” मागाखालून हाक आली. आवाजात हसू होतं, आवरता न येणारं. “केवढं मोठं आहे गं हे! तू मोजलंस ते चूक. चौदाच्या वर आहे!”

“मी सांगत होतो!” काका ओरडले.

केतकी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. टोळीची म्होरकी या नात्याने तिने वाद घालायला हवा होता. तिने नाही घातला.

कमळव्वाने कंबरेवर हात ठेवले, वाकून मागाखाली बघितलं आणि त्या खडखडाटाच्या वर जाईल असा आवाज लावला.

“सिदू, भायेर ये! तेल पडतंय वरनं, नवं कापड हाय अंगावर!”

“थांब की जरा, आई,” आतून उत्तर आलं.

“बघ,” कमळव्वा सुनेकडे वळून कौतुकाने म्हणाली, “तवाबी असाच. हाक मारली की कवा पटकन आलाय?” आणि पदर खोचून ती मागाजवळ खालीच बसली, त्याला हवा तेवढा वेळ घेऊ दे म्हणून.